कल्याणमित्र हवेत, सत्कारमूर्ती नकोत

दापोडीपासून निगडीपर्यंतच्या जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर निकालांच्या दिवसांत फलक लागतात. वस्तीतला कोणी फौजदार झालेला असतो, कोणी मुलगी डॉक्टर झालेली असते, कोणी बँकेत अधिकारी. वर बाबासाहेबांचे छायाचित्र, मध्ये यशस्वी विद्यार्थ्याचे, खाली पंचवीस-तीस शुभेच्छुकांचे चेहरे आणि ठळक अक्षरांत एक ओळ : ‘कोणाच्याही मदतीशिवाय स्वकष्टाने मिळवलेले उज्ज्वल यश’. अभिनंदनाला कोणाचीच हरकत असू नये. आपल्या लेकरांचे कौतुक आपण नाही करायचे तर कोणी करायचे? हरकत आहे ती त्या पहिल्या दोन शब्दांना. कारण ते खरे नाहीत, आणि ते खोटे समाजाला महाग पडते आहे.

ते महाग पडते ते दोन्ही बाजूंनी. जो वर गेला त्याला हे शब्द सांगतात की तुझ्यावर कोणाचे ऋण नाही, तू मोकळा आहेस. जो खाली राहिला, जो नापास झाला, ज्याची नोकरी गेली, ज्याचा हात यंत्रात गेला, त्याला हेच शब्द सांगतात की दोष तुझाच, तू कमी पडलास. ज्या जातिव्यवस्थेने आपल्या पिढ्यान् पिढ्या उंबऱ्याबाहेर उभ्या केल्या, ती व्यवस्था या एका ओळीत निर्दोष सुटते. वकिलीच्या भाषेत सांगायचे तर आरोपी हजर नसताना फिर्यादीलाच शिक्षा होते.

बाबासाहेबांसारखा प्रज्ञावंत हजार वर्षांत एखादाच. पण त्यांचे चरित्र ‘कोणाच्याही मदतीशिवाय’ घडलेले नाही. 1907 साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा झालेल्या सत्काराच्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुस्कर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांच्या हातात ठेवले. गुरुजी तेवढ्यावर थांबले नाहीत. पुढच्या शिक्षणाचा पैसा संपला तेव्हा ते या तरुणाला घेऊन सयाजीराव महाराजांकडे गेले आणि दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. 1913 साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले, आणि 1920 साली ते पुन्हा निघाले तेव्हा स्वतःच्या प्राध्यापकीतून शिल्लक टाकलेला पैसा होता, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य होते आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेले पाच हजार रुपयांचे कर्ज होते. मागे मुंबईत घर चालवणाऱ्या रमाईंचा तर हिशेबच मांडता येत नाही.

ही यादी बाबासाहेबांना लहान करण्यासाठी दिलेली नाही. प्रज्ञा त्यांची, परिश्रम त्यांचे, अपमान गिळून उभे राहण्याची ताकद त्यांची. पण त्या प्रज्ञेला वेळेवर पुस्तक मिळाले, वेळेवर शिष्यवृत्ती मिळाली, वेळेवर उसने पैसे मिळाले. त्याच काळात तेवढीच हुशार किती मुले गावकुसाबाहेर मेलेली ढोरे ओढत संपली असतील? त्यांच्याजवळ केळुस्कर गुरुजी पोहोचले नाहीत, एवढाच फरक.

बाबासाहेबांनी यातून काढलेला निष्कर्ष आपण विसरतो. आपल्याला मिळाला तसा एखादा भला माणूस प्रत्येकाला भेटेल, या भरवशावर त्यांनी समाजाला सोडले नाही. भला माणूस भेटणे हा योगायोग असतो, आणि योगायोगावर समाज उभा राहत नाही. म्हणून 20 जुलै 1924 रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी सोलापूरला विद्यार्थ्यांचे वसतिगृह निघाले. 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, 1946 साली मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय आणि 1950 साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, पुढे मिलिंद या नावाने ओळखले गेलेले महाविद्यालय उभे राहिले. मराठवाड्यातल्या खेड्यातला मुलगा एका ट्रंकेनिशी त्या परिसरात उतरला, तेव्हा त्याला केळुस्कर गुरुजी शोधावे लागले नाहीत. गुरुजींचे काम बाबासाहेबांनी संस्थेच्या हाती सोपवले होते.

इथे काही मित्र एक आक्षेप घेतात. तथागतांनी तर ‘अत्त दीप भव’ म्हटले आहे, मग दुसऱ्याच्या आधाराची भाषा कशाला? हा आक्षेप बहुधा पोट भरलेली माणसे घेतात, हे सोडून देऊ. मुद्द्याचे उत्तर असे की, हा उपदेश भगवंतांनी आयुष्याच्या अखेरीस केला. त्यापूर्वी पंचेचाळीस वर्षे गावोगाव चालत, माणसांना हात देत, संघ उभा करत. आणि भन्ते आनंदांनी जेव्हा म्हटले की कल्याणमित्रता म्हणजे अर्धे श्रेष्ठ जीवन, तेव्हा भगवंतांनी त्यांना तिथेच दुरुस्त केले : अर्धे नव्हे, संपूर्ण. स्वतःच्या पायावर उभे राहायचेच आहे. पण पाय मोडला असताना जो खांदा देतो, तो आपला स्वाभिमान हिरावून घेत नाही. कल्याणमित्र आणि आश्रयदाता यांत हाच फरक आहे. आश्रयदात्याला वाटते, हा कायम माझ्या दारात यावा. कल्याणमित्राला वाटते, याला माझी गरज लवकर संपावी.

आता आपल्या दापोडीचेच पाहू. मुळा आणि पवना जिथे मिळतात तिथली ही वस्ती. एका बाजूला एस.टी.ची मध्यवर्ती कार्यशाळा, दुसऱ्या बाजूला लष्कराचे अभियांत्रिकी महाविद्यालय, पलीकडे खडकीचे दारूगोळ्याचे कारखाने. दुष्काळात आणि अत्याचारांच्या धगीत गाव सोडून आलेली आपली माणसे या कारखान्यांच्या आसऱ्याने पत्र्याच्या घरांत राहिली. इथून तासाभराच्या अंतरावर देहूरोडला 25 डिसेंबर 1954 रोजी खुद्द बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली होती. धम्म इथे पोहोचलेला होता. पण दीक्षेनंतरच्या वीस-बावीस वर्षांत आजारी लेकराला दवाखाना आणि शिकणाऱ्या पोराला अभ्यासाची जागा देणारी व्यवस्था मात्र पोहोचली नव्हती.

1977 सालच्या ऑक्टोबरमध्ये योगाभ्यासासाठी पुण्याला निघालेले लोकमित्र नावाचे एक इंग्रज बौद्ध वाटेत नागपूरला उतरले, तो दिवस नेमका धम्मदीक्षेच्या वर्धापनाचा होता. दीक्षाभूमीवरचा तो जनसागर पाहून त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. पुढच्या वर्षी ते पुण्यात कामासाठी आले. त्यांचे गुरू संघरक्षित यांची बाबासाहेबांशी भेट झालेली होती आणि 6 डिसेंबर 1956 रोजी, महापरिनिर्वाणाची बातमी आली त्या दिवशी, ते नागपुरात होते. शोकाकुल समाजाला त्यांनी धीर दिला होता. 1979 साली त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहाय्यक गण सुरू झाला आणि ‘बहुजन हिताय’ या नावाने सामाजिक काम उभे राहिले. त्याचे सुरुवातीचे एक प्रमुख केंद्र म्हणजे आपली दापोडी. डॉक्टर आले, परिचारिका आल्या, बालवाड्या निघाल्या, शिवणवर्ग चालले, महाविहार झाला. पुढे पुण्यात आणि महाराष्ट्रात मुलामुलींची वसतिगृहे झाली.

या संस्थेशी कोणाचे मतभेद असतील. चळवळीत ते उघडपणे बोललेही गेले : परदेशी पैसा कशाला, ध्यानावर भर का, राजकीय प्रश्नावर मौन का. प्रश्न विचारावेतच, बाबासाहेबांच्या अनुयायाने प्रश्न विचारणे सोडू नये. पण एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. या कामासाठी 1980 साली ब्रिटनमध्ये एक न्यास स्थापन झाला, तोच आज करुणा ट्रस्ट म्हणून ओळखला जातो. त्याच्या कार्यकर्त्यांनी तिकडे थंडीत घरोघर फिरून, अनोळखी दारे ठोठावून, दरमहा थोडी थोडी रक्कम देणारे लोक जोडले. ज्यांनी दापोडी नकाशावरही पाहिली नव्हती, ते दापोडीच्या लेकरांसाठी उंबरे झिजवत होते. आणि याच दापोडीतून शिकून बाहेर पडलेले, पिंपळे सौदागर आणि वाकडला सदनिका घेतलेले आम्ही? आम्ही किती दारे ठोठावली? परदेशी पैशावर बोट ठेवण्याचा अधिकार मिळवायचा असेल, तर आधी स्वतःचा पैसा आणि त्याहून महत्त्वाचा स्वतःचा वेळ ठेवावा लागेल.

मी स्वतःला यातून वगळत नाही. माझ्या परिचयपत्रकातही बरीच वर्षे ‘अत्यंत प्रतिकूल परिस्थितीत स्वबळावर’ असे शब्द होते. एके दिवशी थोरल्या बहिणीने ते वाचले आणि काही न बोलता कागद परत दिला. माझी विधी महाविद्यालयाची फी तिने रात्री शिवणयंत्र चालवून भरली होती. कायद्याची पुस्तके एका ज्येष्ठ वकिलांनी दोन वर्षांसाठी घरी नेऊ दिली होती. घरात अभ्यासाला जागा नव्हती तेव्हा विहारातला दिवा रात्री अकरापर्यंत चालू ठेवणारे एक बाबा होते. ते शब्द मी दुसऱ्या दिवशी काढून टाकले.

हात देणे म्हणजे नेमके काय, हे अलीकडे एका प्रकरणात मला नव्याने शिकायला मिळाले. चाकणला कंत्राटी कामावर असलेला मराठवाड्यातला एक बावीस वर्षांचा मुलगा. प्रेस मशीनवर काम करताना उजव्या हाताची दोन बोटे गेली. दवाखान्यात ठेकेदाराचा माणूस दहा हजार रुपये आणि कोरा मुद्रांक कागद घेऊन आला. मुलगा सही करणारच होता. पण दापोडीत राहणाऱ्या त्याच्या मावशीने शेजारच्या काकांना बरोबर नेले होते. काका एस.टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले, जुने युनियनवाले. त्यांनी एवढेच म्हटले, “बाळा, सही करू नकोस. पैसे नकोत म्हण. उद्या माझ्याबरोबर चल.”

पुढचे चौदा महिने काका त्याच्याबरोबर चालले. विमा योजनेत त्याची नोंद कामाला लागल्याबरोबर व्हायला हवी होती, ती झालेलीच नव्हती. ठेकेदार म्हणाला, हा आमचा माणूसच नाही. मग काकांनी पुरावे जमवले. मोबाईलमधले हजेरीचे फोटो, बँकेत जमा झालेल्या पगाराच्या नोंदी, फाटका गेटपास, आणि सोबत काम करणारा एक मुलगा, जो आधी घाबरून बोलायला तयार नव्हता. त्याच्या खोलीवर काका तीनदा गेले. मी फक्त अर्ज लिहिले आणि तारखांना उभा राहिलो. ठेकेदारामार्फत काम करवून घेतले म्हणून मूळ मालकाची जबाबदारी संपत नाही, हे कायदाच सांगतो. शेवटी नोंदणी झाली, वैद्यकीय मंडळाने अपंगत्व ठरवले आणि दरमहाची रक्कम सुरू झाली. बोटे परत आली नाहीत. पण माणूस उभा राहिला. आता तो एका दुकानात हिशेब लिहितो, आणि गुरुवारी संध्याकाळी काकांशेजारी बसून दुसऱ्यांचे अर्ज भरून देतो.

या प्रकरणात निर्णायक क्षण कोणता? न्यायालयातला नव्हे. निर्णायक क्षण दवाखान्यातल्या खाटेशेजारचा होता. त्या कोऱ्या कागदावर सही झाली असती, तर माझी सारी वकिली तोकडी पडली असती. कायदा नंतर येतो. माणूस आधी लागतो. आणि त्या मुलाला मावशी होती, मावशीला काका माहीत होते. ज्याला अशी मावशी नाही, असे हजारो तरुण आज चाकण, भोसरी, तळवड्याच्या खोल्यांतून राहतात. त्यांच्यापर्यंत कोण जाणार?

उच्च शिक्षणातही चित्र वेगळे नाही. 17 जानेवारी 2016 रोजी हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुला गेला. वसतिगृहातून बाहेर काढलेला, विद्यावेतन थकलेले. 22 मे 2019 रोजी मुंबईत आदिवासी समाजातली डॉ. पायल तडवी गेली. सहकारी डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप करून तिच्या आईने न्यायालयाचे दार ठोठावले. 12 फेब्रुवारी 2023 रोजी मुंबईच्या आयआयटीत पहिल्या वर्षाचा दर्शन सोलंकी गेला. विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या प्रश्नावर मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राष्ट्रीय कृतिदल नेमावे लागले. संस्थांना जाब विचारलाच पाहिजे, तो लढा सोडायचा नाही. पण त्याबरोबर स्वतःलाही विचारले पाहिजे की, आपले लेकरू अनोळखी शहरातल्या, अनोळखी भाषेच्या वर्गात एकटे बसले असता त्याला आठवड्यातून एकदा फोन करणारा आपल्यातला कोण होता? प्रवेश मिळाला की सत्कार करून आपण मोकळे होतो. खरी लढाई त्यानंतर सुरू होते.

2024 सालचे एक प्रकरण प्रत्येक विहारात वाचून दाखवण्यासारखे आहे. उत्तर प्रदेशातल्या एका मजुराच्या दलित मुलाला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली. ती पक्की करायला 17,500 रुपये भरायचे होते. कुटुंबाने गावातून पैसे जमवले, पण शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचच्या ठोक्याला रक्कम भरणे राहून गेले. जागा गेली. मुलगा अनुसूचित जाती आयोगाकडे गेला, झारखंडच्या विधी सेवा प्राधिकरणाकडे गेला, मद्रास उच्च न्यायालयात गेला. अखेर 30 सप्टेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या 142 व्या कलमाचा अधिकार वापरून त्याला प्रवेश द्यायला लावले. निकालाचा आनंद आहेच. पण साडेसतरा हजारांसाठी एका विद्यार्थ्याला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागावे? वस्तीत एक कायमचा निधी असता आणि अर्जाची तारीख लक्षात ठेवणारा एक माणूस असता, तर हे प्रकरण पाच मिनिटांत संपले असते.

म्हणून धम्मबांधव आणि भगिनींनो, प्रस्ताव अगदी साधा आहे. आपली विहारे पौर्णिमेला आणि जयंतीला गजबजतात, इतर दिवशी कुलूपबंद असतात. प्रत्येक विहारात आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवा. एक टेबल, एक नोंदवही आणि ठरलेली चार माणसे : कागदपत्रे जाणणारा एखादा निवृत्त कर्मचारी, एक वकील, एक परिचारिका किंवा डॉक्टर, एक महाविद्यालयात शिकणारी मुलगी. शिष्यवृत्तीचे अर्ज, जात पडताळणी, अपघात, पोलीस ठाणे, घरातली मारहाण, व्यसन. जो येईल त्याची नोंद करा आणि पुढच्या आठवड्यात त्या नोंदीचे काय झाले ते विचारा. शंभर रुपये दरमहा देणारी तीनशे घरे मिळाली, तर महिन्याला तीस हजार जमतात. दापोडीत तीनशे घरे सापडणार नाहीत का?

काही नियम मात्र पाळावे लागतील. मदत घेणाऱ्याचा फोटो काढायचा नाही. वह्या वाटताना लेकरांना रांगेत उभे करून छायाचित्र छापणे हा त्यांच्या गरिबीचा लिलाव आहे. वहीतले नाव बाहेर जाणार नाही. निवडणुकीत त्या टेबलाचा वापर होणार नाही. महिलांच्या तक्रारी ऐकायला महिलाच बसेल. जमाखर्च दर महिन्याला विहाराच्या फळ्यावर लागेल. आणि ज्याला मदत झाली त्याने पुढे दुसऱ्या एकाला हात द्यायचा. पैसे परत नाही केले तरी चालतील, हे परत केलेच पाहिजे.

जे शासनाकडून हक्काचे आहे तेही माहीत करून घ्या. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या 12 व्या कलमानुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. 15100 हा त्याचा दूरध्वनी क्रमांक आहे. मन खचले असेल तर शासनाची ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा 14416 वर आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात 2016 सालापासून लागू असलेल्या 15-अ कलमाने पीडित आणि साक्षीदारांना संरक्षणाचा हक्क दिला आहे. हे आकडे विहाराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवा. पण भिंतीवरचा आकडा फिरवायला हात थरथरत असेल, तेव्हा शेजारी बसायला माणूसच लागतो, हेही विसरू नका.

1956 साली आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाबद्दलची आपली वेदना बोलून दाखवली होती. ती वेदना आपण दरवर्षी भाषणांत सांगतो, टाळ्या घेतो आणि घरी जातो. त्या वेदनेचे उत्तर भाषणाने देता येणार नाही. ते गुरुवारच्या संध्याकाळी, त्या टेबलाशी बसूनच द्यावे लागेल.

आणि येत्या निकालानंतर फलक लावाल, जरूर लावा. फक्त ती जुनी ओळ पुसा. तिच्या जागी शिवणयंत्र चालवणाऱ्या बहिणीचे, पुस्तके देणाऱ्या सरांचे, विहाराचा दिवा चालू ठेवणाऱ्या बाबांचे नाव लिहा. ते फलक वाचून खाली राहिलेल्या एखाद्या मुलाला वाटू द्या की, आपणही जाऊन कोणाला तरी विचारावे. तो विचारायला येईल तेव्हा आपले दार उघडे असले पाहिजे, एवढेच.

जयभीम!